बाईंना न विचारता

(वाशी, जिल्हा धाराशिव)

१४ जून २०२५, शनिवार

नगरहून बाईंचं पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरतं आहे, पण ओळी सरळ. कानाचं यंत्र बदललं तरी फोनवरचं काही कळत नाही, तेव्हा रविवारचा फोन आता बंद करू, असं लिहिलंय. खाली आणखी दोन ओळी. पत्र लिहीत जा, पण माझ्या उत्तरासाठी कुठलं काम अडवून धरू नकोस. मी इतकी वर्षं ज्याला विचारून तुला सांगत आले, त्यालाच आता तू विचार.

बाई म्हणजे वसतिगृहाच्या बाई. नगरच्या मुलींच्या वसतिगृहात त्यांच्या हाताखाली मी वाढले. पहाटे उठून पवित्र शास्त्र उघडायचं, वाचलेल्यातलं एक काहीतरी दिवसभर मनात घोळवायचं, रात्री त्याच अंथरुणावर गुडघे टेकायचे, ही सवय त्यांची. डी. एड. करू की नर्सिंग, हे स्थळ घेऊ की नको, जिल्हा परिषदेची ऑर्डर वाशीची निघाली तेव्हा इतक्या लांब जाऊ की नको, या सगळ्यात शेवटचा शब्द त्यांचा. इथे आल्यावरही उपासना आटोपली, चहाचे कप विसळून झाले की मी फोन घेऊन ओसरीत बसायची. आमचे हे म्हणायचे, आता अर्धा तास तुझ्याशी कुणी बोलायचं नाही.

पोस्टकार्ड शास्त्रातच ठेवलंय.

२२ जून, रविवार

पाऊस चांगला आहे. पेरण्या उरकत आल्या. उपासनेला माणसं कमी, पण वाडीवरचे सगळे आले. आपल्या इथे देऊळ नाही, मंडळी म्हणजे आमच्या घरातली पुढची खोली आणि पाऊस नसला तर अंगण. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, प्रभूभोजन तेव्हाच. बाकीच्या रविवारी पाठ आम्हीच वाटून घेतो. आज पाळी माझी होती. पहिलं शमुवेल, तिसरा अध्याय.

लहानपणापासून ही गोष्ट शमुवेलाची म्हणून ऐकली. मंदिरात झोपलेला पोर, रात्री हाक येते, तो धावत एलीकडे जातो. आज वाचताना मन एलीवर थांबलं. हा म्हातारा काही आदर्श माणूस नव्हे. नजर गेलेली. पोटचे दोन मुलगे याजक असून लोकांना लुबाडतात आणि बाप त्यांना आवरू शकत नाही. देवाने त्याला बाजूला ठेवून त्याच्या हाताखालच्या पोराला हाक मारली आहे. हे त्याच्या लक्षात येतं ते तिसऱ्या वेळी. त्या क्षणी त्याला बरंच काही करता आलं असतं. माझ्यापाशीच बस, हाक आली की मला उठव, मी काय ते बोलतो, असं म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांचा महायाजक तो, कुणी नावं ठेवली नसती. त्याने पोराला परत त्याच्या जागेवर पाठवलं. तिथेच निजून राहा म्हणाला, आणि हाक आली तर काय म्हणायचं तेवढं शिकवलं. स्वतः आपल्या जागी पडून राहिला. पुढचं संभाषण त्याने ऐकलेलं नाही.

सकाळी मात्र त्याने सगळं विचारून घेतलं, काही लपवायचं नाही अशी शपथ घालून. आणि ऐकायला काय मिळालं, तर स्वतःच्याच घराण्याचा न्याय. तोही त्याने मान खाली घालून घेतला. मला वाटतं, एलीचं आयुष्य इतर बाबतीत फसलं असेल, पण शिकवणाऱ्याचं काम त्या रात्री त्याने पूर्ण केलं. ऐकायचं कसं ते शिकवलं आणि ऐकायला एकट्याला पाठवलं.

पाठ झाल्यावर कुणी फारसं बोललं नाही. वाडीवरच्या आजीबाईंनी तेवढं विचारलं, त्या पोराला भीती नसंल का वाटली एकट्याला? वाटली असणारच. सकाळी एलीला सांगायलाही तो घाबरत होता, असं शास्त्रातच आहे.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. शाळेत पोरांनी झेंडूची फुलं, कण्हेर, एकाने तर घरच्या शेवग्याची शेंग आणून दिली. चौथीची पोरं ओळीने पाया पडली. या मातीत गुरूला जो मान आहे तो मला मनापासून आवडतो, आणि ख्रिस्ती झालो म्हणून तो सोडायचा असं मला कधी वाटलं नाही.

रेव्हरंड टिळकांनाही वाटलं नसावं. नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचले, आणि ते त्यांनी उघडपणे सांगितलं. त्यांची हकिगत बाईंनी आम्हा मुलींना इतक्या वेळा सांगितली आहे. १८९३ साली आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला जात होते. डब्यात एक गोरे गृहस्थ. बोलणं निघालं, त्यांनी हातातला नवा करार टिळकांना दिला आणि म्हणाले, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. प्रवास संपला, ओळखही तिथेच संपली. पुस्तक राहिलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा.

पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दोन दशकं काम केलं. शिकवलं, ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिलं, आपण आजही गातो ती गीतं रचली. ज्या मिशनऱ्यांनी त्यांना आधार दिला त्यांच्याबद्दल टिळकांच्या मनात प्रेम होतं. तरी १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती तोळामासा, घरी संसार. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत ही कल्पना. ९ मे १९१९ ला ते वारले, म्हणजे दोन वर्षंही धड मिळाली नाहीत. दरबार फार चालला नाही हेही खरं. पण साहेब लोकांच्या पाठबळाशिवाय, नुसत्या ख्रिस्तावर भिस्त ठेवून मराठी माणसाला उभं राहता येतं का, हे त्यांना जगून पाहायचं होतं, आणि त्यांनी पाहिलं. मला त्यांच्या गीतांइतकंच ते मोठं वाटतं.

रात्री योहानाचं शुभवर्तमान, पहिला अध्याय. बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवतो आणि त्याचे दोन शिष्य त्याला सोडून येशूच्या मागे जातात. योहान त्यांना थांबवत नाही. त्यातला एक अंद्रिया, पेत्राचा भाऊ.

२७ जुलै, रविवार

वाडीवरची एक मुलगी आज सगळे गेल्यावर मागे रेंगाळली. बारावी झालीय, हुशार आहे. बार्शीला कॉलेजला जाऊ की इथेच राहून भरतीचा अभ्यास करू? घरचे म्हणतात, काकू सांगतील तसं. तीही तेच म्हणाली, “काकू, तुम्हीच सांगा, तुमच्यावर सोडलंय.”

मी तिला दोन्हीकडचा खर्च, एसटीच्या वेळा, पासाची सवलत एवढं लिहून काढायला सांगितलं. आणि आठवडाभर रोज सकाळी याकरिता स्वतः प्रार्थना कर म्हटलं. तिचा चेहरा उतरला. तिला उत्तर हवं होतं.

हल्ली हे फार दिसतं, म्हणून लिहून ठेवते. आपल्यात काही ठिकाणी असे पुढारी तयार झालेत की माणसं त्यांना विचारल्याशिवाय पोराचं लग्न ठरवत नाहीत, बैल विकत नाहीत, दवाखान्यात जात नाहीत. देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं, असं त्यांनी म्हटलं की विषय संपला. ज्याने माणसाला ख्रिस्तापाशी न्यायचं तोच दारात आडवा बसला, याहून मोठं नुकसान मंडळीचं होत नाही. गोरगरीब माणूस, आधीच सगळीकडे हात जोडून उभा असतो. त्याला आणखी एक साहेब कशाला?

उलट टोकही आहे. मला कुणाची गरज नाही, मी आणि माझा देव. असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्याच मनाला देव म्हणत असतो. त्याला मंडळी नको, उपदेश नको, कुणी टोकलेलं नको. बाईंनी मला या दोन्हींपासून राखलं. त्या सांगायच्या, पण सांगताना शास्त्रातला उतारा काढायला लावायच्या. नुसतं “मला वाटतं म्हणून” असं त्या म्हणाल्याचं आठवत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून अकराला घरी. दुपारभर पंडिता रमाबाईंची पत्रं काढून बसले. इंग्रजीत आहेत, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली काढलेलं पुस्तक, अ. भि. शहांनी संपादलेलं. बाईंनीच दिलेलं, पान सुटतंय.

रमाबाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या, वॉन्टेजच्या भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या लेकीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. परक्या मुलखात, आईबाप दुष्काळात गमावलेल्या, नवरा दोन वर्षांत गेलेला, पदरात पोर, अशा बाईला कुणी मायेने जवळ घेतलं तर ती त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही असं कुणालाही वाटेल. सिस्टरनाही वाटलं असेल. पण दोन वर्षांत पत्रांतून वाद सुरू झाला. चर्चने शिकवलेलं जसंच्या तसं मान, असा त्यांचा आग्रह. रमाबाईंचं म्हणणं असं की एका पुरोहितशाहीतून मी एवढ्या कष्टाने सुटले, दुसऱ्या तशाच सत्तेपुढे मान तुकवायला नाही. शास्त्र मी वाचीन, सदसद्विवेकाने तोलीन, आणि ख्रिस्ताला जबाबदार राहीन. प्रेम कमी झालं नाही, पत्रं चालू राहिली, आणि सिस्टरांनीही ती जपून ठेवली म्हणून आज माझ्या मांडीवर आहेत.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. गुरूशी मतभेद झाला म्हणजे देवावर भिस्त आली असं होत नाही, हे रमाबाईंना कळलं होतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा होता, अशी जाणीव त्यांना झाली. हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. तोवर विधवांसाठीचं शारदा सदन उभं राहिलेलं, अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं पैसे पुरवायची हमी दिलेली, जगभर नाव. एवढं असताना ही गोष्ट स्वतःशी मान्य करणं सोपं नाही.

दहा वर्षांची हमी १८९८ ला सरली. त्याआधीच १८९६ चा दुष्काळ सुरू झाला होता. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावला जमीन घेतलेली, तिथे तंबू, झोपड्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी. हजाराच्या वर तोंडं आणि ठरावीक उत्पन्न काही नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कुणापुढे हात न पसरता अनाथालयं चालवली, ते रमाबाईंनी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि स्वतःच्या चुलीवर हंडा चढवायची वेळ आलेली, यात फरक आहे.

बाईंबरोबर आम्ही मुली एकदा केडगावला गेलो होतो. छापखान्याची जागा दाखवली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणलं, आणि ते तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापलं. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती एकुलती लेक आईच्या आधी गेली. रमाबाई भाषांतर तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. बाई तिथे उभ्या राहून आम्हाला म्हणाल्या, बघा, हिला शेवटी माणसाचा आधार एकही राहिला नव्हता. मी तेव्हा नववीत. मला भीतीच वाटली होती.

७ सप्टेंबर, रविवार

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल चार ओळी. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या रडून रडून आजारी पडल्या, पण त्यांच्यामागे गेल्या नाहीत. १९०० साली घेतला तो स्वतःचं मन वळल्यावर. ज्यांनी वाचायला-लिहायला लावलं त्यांच्याही शब्दाखातर नाही. टिळक गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे दहाच्या आसपास अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ सगळ्यांनी वाचलंय, हे काम मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रात्रभर पाऊस. काल घटस्थापना, बायका घट बसवून उठतात तोच आभाळ फाटलं. मांजरा भरून वाहतेय, भूम-परंड्याकडे तर माणसं हेलिकॉप्टरने काढली असं मोबाइलवर दिसतंय. शाळेला सुट्टी. वाडीचा रस्ता बंद.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज वाडीवर जाता आलं. काढणीला आलेलं सोयाबीन गुडघाभर पाण्यात. शेंगा हातात घेतल्या तर काळ्या पडलेल्या, दाबल्या तर आतून कोंब. एका घराची मागची भिंत बसली, गहू-ज्वारीची कणगी भिजली, पोतं उघडलं तर आंबूस वाफ. वावराची माती वाहून खाली खडक दिसतोय. आजीबाई मला म्हणाल्या, “पीक गेलं तर वरीस जातं बाई, माती गेली तर काय जातं?” मला उत्तर देता आलं नाही. पंचनामे सुरू होतील म्हणतात. तोवर खायचं काय?

आमच्याकडे मंडळीचे ४८,००० रुपये आहेत. उपासनेसाठी अंगणात पत्र्याची शेड घालायची म्हणून थोडे थोडे जमवलेले. हिशेब माझ्याकडे.

रात्री झोप नाही. या पैशांना हात लावावा का? देवाच्या घरासाठी म्हणून दिलेले. दोनदा फोन हातात घेतला. नगरला फोन लावून काय होणार, बाईंना ऐकूच येत नाही. कंदिलाच्या उजेडात गुडघे टेकून बसले. खरं लिहायचं तर काही ऐकू आलं नाही. वाणी नाही, दर्शन नाही, मन शांत झालं असंही नाही. फक्त याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय डोळ्यांपुढून हलेना. भाऊबहीण उघडे आणि उपाशी आहेत आणि तुम्ही त्यांना नुसतं बरं असो म्हणून वाटेला लावता, तर काय उपयोग, हा अर्थ. हे तर मला वसतिगृहात पाठ होतं. म्हणजे उत्तर माझ्याकडे कधीचंच होतं. बाईंकडून हवी होती ती सही.

२८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर विषय काढला. वाद झाला. एक भाऊ म्हणाले, देवाला दिलेलं परत घ्यायचं नसतं. त्यांचंही म्हणणं भक्तीतूनच होतं, म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतलं. मी याकोब वाचला. आमच्या ह्यांनी यशया अठ्ठावन्न. मग बराच वेळ सगळे प्रार्थनेत बसलो. शेवटी त्याच भाऊंनी सांगितलं, पत्रे पुढच्या वर्षी बघू.

ठरलं ते असं : पंधरा घरांना गहू, तूरडाळ, तेल, मीठ आणि प्रत्येकी दोन ब्लँकेटं. मंडळीतली घरं पाच, बाकीची वाडीवरची, कुठल्याही जातीधर्माची. पडलेल्या भिंतीला वेगळे पाच हजार.

इतक्या वर्षांत एवढा मोठा निर्णय बाईंना न कळवता पहिल्यांदाच झाला. भीती होती, आणि काम झालं. दोन्ही एकदम असू शकतात, हे मला नवीन आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

बाईंना सविस्तर लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. बरं केलंत असं नाही, असं का केलंत असंही नाही. पंधरा घरांची नावं पाठव, रोज प्रार्थनेत घेईन, एवढंच. आणि खाली, गुडघे आता टेकवत नाहीत, खुर्चीत बसूनच करते.

नावं संध्याकाळी लिहून टाकली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

तेरखेड्याच्या रस्त्याला फटाक्यांच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग आहे. पुरातून उठून माणसं दिवाळीला लागलीत, बरं वाटलं पाहून.

ती मुलगी आज आली. बार्शीला नाव घातलं, पहाटेच्या एसटीने जाते. जुलैतच ठरवलं म्हणाली, घरच्यांना तिनेच पटवलं. मला सांगायचं राहिलं. आता ती कॉलेजच्या इतर मुलींबरोबर दुपारच्या सुट्टीत शास्त्र वाचते. रविवारी पाठ द्यायला तयार आहे का विचारलं, हो म्हणाली. कोणता अध्याय घेऊ, असं मात्र तिने विचारलं नाही.

मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा निरोप : १९ तारखेला, रविवारी उपासना सकाळी साडेआठला, अंगणात. शेड नाही, तेव्हा बसायला सतरंजी आणि उन्हाला टॉवेल आणावा. पाठ वाडीवरची ताई देईल. प्रत्येकाने स्वतःचं पवित्र शास्त्र बरोबर आणावं, ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी सांगावं, घरात चार प्रती शिल्लक आहेत.